सोंडेचा सूड

मी सोंड बोलतेय. हत्तीची नव्हे, दगडाची. हत्तीच्या सोंडेमागे एक हत्ती असतो. माझ्यामागे अख्खा चुनखडीचा कडा उभा आहे. तेव्हा जरा जपून ऐका.

दगड सहनशील असतो असं तुम्ही पोरांना शिकवता. दगडासारखं सोसावं, दगडासारखं गप्प राहावं. हे तुम्हाला कोणत्या दगडानं सांगितलं? मला तरी कुणी विचारायला आलं नव्हतं. मी सोसलं, कारण दुसरं काही हातात नव्हतं. आणि हातात आलं तेव्हा मी ते सोडलं नाही. क्षमेची गोष्ट हवी असेल तर नदीतल्या गोट्याकडे जा. तो कुणाच्याही मुठीत गुळगुळीत बसतो.

माझा जन्म पाण्यातून झाला. कड्याच्या माथ्यावरचा पाऊस भेगांमधून खाली झिरपतो, वाटेत चुना विरघळवून घेतो आणि या भिंतीवर बाहेर येतो. वारा लागला की चुना मागे राहतो, पाणी पुढे जातं. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. माझं तळं झालं नाही, मी भिंतीला पाठ लावून खाली खाली लोंबत गेले. माणसाच्या मांडीएवढी जाड झाले, मध्येच फुगले, मध्येच निमुळती झाले. पोटातून एक बारीक शीर वाहत राहिली. ती वाहते तोवर मी वाढते. तुमच्या हिशेबानं मी जवळजवळ वाढतच नाही, पण तुमचा हिशेब तुमच्यापाशी.

माझी भिंत इतकी पुढे झुकलेली आहे की भर पावसात तिच्या पायथ्याशी उभा राहिलेला माणूस कोरडा राहतो. अशा जागी वटवाघळं येतात, पाकोळ्या येतात. माणूस येईल असं वाटलं नव्हतं.

आली ती दातांची डॉक्टर. सगळे तिला डॉक्टरीणबाई म्हणत, सासू सोडून. सासू तिला नुसतं ‘अगं’ म्हणे, आणि त्या एका ‘अगं’मध्ये रागापासून लाडापर्यंत सगळं बसत असे.

डॉक्टरीणबाई माथ्यावरून दोर सोडून खाली उतरली. कमरेला ड्रिल मशीन. तिनं भिंतीत भोकं पाडली आणि दोर अडकवायला बोल्ट ठोकले, हे मी लपवत नाही. भिंत माझी आई आहे, तिला दुखलंच. पण प्रत्येक जागी ती आधी हातोडीनं टकटक करायची आणि कान लावायची. दात ठोकून बघतात ना, तसं. पोकळ आवाज आला की जागा सोडून द्यायची. माझ्यापाशी आली तेव्हा तिनं हातोडी बाजूला ठेवली. तळवा माझ्यावर ठेवला. तो ओला झाला.

“हिला हात लावायचा नाही,” ती स्वतःशीच म्हणाली. “ही वाहतेय अजून.”

एवढं एक वाक्य. पण ज्याच्याशी कुणी कधी बोललंच नाही, त्याला एक वाक्य पुष्कळ दिवस पुरतं.

काम संपवून तिनं सगळ्यात खालच्या बोल्टला लाल फीत बांधली. कडे चढणाऱ्या या लोकांत तसा रिवाज आहे. ज्यानं बोल्ट ठोकून वाट बसवली, ती चढायचा पहिला मान त्याचा. फीत आहे तोवर दुसऱ्यानं फार तर हात लावून बघावं. दोराला न लटकता तळापासून वरच्या शेवटच्या साखळीपर्यंत चढायचं, ते मालकानंच. हा नियम कुठं लिहिलेला नाही. लाजेवर चालतो.

मग तिचं येणं सुरू झालं. दर सुट्टीला ती चढे आणि खाली दोर धरायला सासू बसे. सासू पूर्वी बसमध्ये कंडक्टर होती. अंगानं भरभक्कम. “दोर धरायला देवानं वजन दिलंय,” म्हणायची, “नाहीतर एवढं कशाला दिलं असतं?”

“आई, दोर घट्ट!”

“घट्टच आहे. तू वर बघ. पुढे जागा आहे, पुढे सरका!”

“हात फुगलेत हो, आई.”

“फुगू देत. नोकरीभर माझे पाय फुगले, कुणी बस थांबवली?”

माझ्या खालचा भाग गुळगुळीत. तिथून झेप घेऊन ती मला दोन्ही तळव्यांत दाबून धरायची आणि पायानं चाचपडायची. कितीदा घसरली, सुटली, दोराला लोंबकळत शिव्या देत राहिली. डॉक्टर असून इतक्या शिव्या येतात, हे मला तिथंच कळलं. मग एकदा तिचं पाऊल खालच्या कंगोऱ्यावर पडलं आणि गुडघा माझ्या फुगवट्याखाली जाऊन अडकला. बरोब्बर अडकला. तिनं एक हात सोडला. मग दुसराही सोडला. गुडघ्याच्या एका अडसरावर ती हवेत लटकून हात झटकत राहिली.

“आई, बघा! हात सोडून!”

“सायकलवर पोरं दाखवतात तसं नको दाखवू. पडशील.”

पण ती पडणार नव्हती. मी तिला धरलं होतं. तिची मांडी आखूड, आणि माझा फुगवटा जणू त्याच मापाचा. तिथं दम खाऊन डावीकडच्या एका लपलेल्या धारेवर जायचं आणि मग वर साखळीपर्यंत. वाट सापडली होती. सलग जमायचं तेवढं बाकी होतं.

आता मास्तर.

शहरात त्याची चढाईची शाळा होती: उंच भिंत, प्लास्टिकचे रंगीत खुंट, दारावर त्याचाच मोठा फोटो. डॉक्टरीणबाई त्याच्याच हाताखाली शिकलेली. उंच, लांब हातापायांचा माणूस. बोलायला लागला की थांबायचा नाही. कुणीही चढत असो, हा खालून ओरडणार: डावा पाय वर घे, कंबर आत, श्वास सोड. खोड जडलेली होती ती. रस्त्यात कुणी स्टुलावर चढून बल्ब बदलत असता तरी यानं पाय कुठं ठेवायचा ते सांगितलं असतं.

त्यानं परवानगी मागितली तेव्हा ती हसून म्हणाली, “करून बघा की, मास्तर. मला विचारताय कसले!”

त्यानं करून बघितलं. मला दाबून धरणं त्याला जमलं. गुडघा मात्र बसेना. लांब मांडी, फुगवटा लागायच्या आधीच गुडघा बाहेर. वाकडं करून बघितलं, उलटं करून बघितलं, गुडघ्याला रबरी पट्टा बांधून बघितलं. खाली त्याचे विद्यार्थी बघत होते.

“मास्तर, बाईंना विचारा ना कसं करायचं ते,” एक जण बोलून गेला.

मास्तर हसला. मी त्याचे हात धरून होते, म्हणून सांगते: तो हसला तेव्हा त्याच्या बोटांनी मला चिमटा काढला.

पुढच्या आठवड्यात तो एकटा आला. कामाचा दिवस, सकाळचं लख्ख ऊन. डॉक्टरीणबाई दवाखान्यात कुणाच्या तरी दाढेत वाकलेली असणार. तो माथ्यावरून दोर सोडून उतरला, माझ्यासमोर लटकला. उजवा हात पूर्ण लांब करून त्यानं माझ्यावर खडूनं एक खूण केली. मग मशीन लावलं.

आवाजाचं मी सांगत नाही. तुम्ही दाताच्या खुर्चीत बसला असाल. पण तुम्हाला आधी सुई मिळते.

त्यानं दोन बोटं आत जातील एवढं भोक केलं, कडा घासून गोल केल्या. टोक माझ्या शिरेला लागलं. पाणी बाहेर आलं, त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. त्यानं ते पँटला पुसलं. मग खिशातून माती काढून भोकात चोळली, म्हणजे जुनं दिसावं. काम झाल्यावर त्यानं मला दोनदा थोपटलं. ते थोपटणं मी भोकापेक्षाही जास्त लक्षात ठेवलंय.

दोन दिवसांनी तो विद्यार्थ्यांना घेऊन आला आणि दोन बोटांवर लटकून चढला. गुडघ्याची गरजच नाही. सगळे विद्यार्थी टाळ्या वाजवत होते. उतरल्यावर त्यानं लाल फीत सोडली आणि खिशात घातली.

सुट्टीच्या दिवशी सासू-सून आल्या. फीत नाही. डॉक्टरीणबाई वर आली, माझ्यापाशी थांबली, आणि तिला भोक दिसलं. बोट आत घालायला हात वर केला, पोचला नाही. खाली उतरून तिनं स्पीकरवर मास्तरला फोन लावला.

“ते भोक पहिल्यापासून आहे गं,” मास्तर म्हणाला. “तुझी नजर गेली नसेल. आणि फितीचं म्हणशील तर दोन मोसम झाले. वाट अशी अडवून ठेवायची नसते.”

मोसम पलटला. पाऊस आला, माझी शीर फुगली. मी पहिलं काम केलं ते त्याची माती थुंकून टाकण्याचं. आतलं पांढरं सगळं उघडं पडलं. ताजा घाव, मशीनचा गोलावा, लपवायला जागा नाही. आता याची अब्रू निघणार, मी म्हटलं. वाट बघत बसले.

उन्हाळ्यात चढाई मंडळाचे लोक आले, त्यांनी ते पाहिलं आणि बोंब झाली. बोल्टसाठी नव्हे, बोटं घालायला कड्यावर भोक कोरणं म्हणजे या लोकांत चोरीच. जे हाताला जमत नाही ते यंत्रानं करून घ्यायचं, आणि तेही माझ्यासारखीवर. पण मास्तर बोलण्यात तरबेज.

“मी तर आहे तो दगड चढलो,” तो म्हणाला. “वाट कुणी बसवली? मशीन कुणाचं? आणि भोकं पाडायची सवय कुणाच्या हाताला आहे, तेही बघा.”

लोक हसले. दातांच्या डॉक्टरवरचा विनोद कुणालाही सुचतो, म्हणूनच तो चटकन पटतो. मी इतक्या लोकांना इतक्या उंचीवरून बघितलंय, पण खरं काय हे शोधण्यापेक्षा हसायला काय मिळालं यावर त्यांचं मत ठरतं, याची मला अजून सवय झालेली नाही.

“माझा हात तिथं पोचतही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाली.

“हात आखडता घ्यायला काय लागतं?” मास्तर म्हणाला. पुन्हा हशा.

मंडळानं तिला कड्यावर यायला बंदी केली. चौकशी होईपर्यंत, म्हणे. तिचे बोल्ट राहिले, तिचं नाव गेलं. मी लोंबत होते आणि ती येत नव्हती. माझा नेम चुकला होता: दगड भिरकावला मास्तरवर आणि लागला तिला. तेव्हापासून मी नुसती चिडलेली राहिले नाही. मी दबा धरून बसले.

चौकशी कड्याच्या पायथ्याशीच झाली. तिनंच तसा हट्ट धरला: जागेवर चला, बंद खोलीत नाही. मंडळाचा अध्यक्ष पेशानं वकील. उन्हाची टोपी घालून दगडावर बसला. मास्तर आणि त्याचे विद्यार्थी एका बाजूला. दुसऱ्या बाजूला सासू. ती एकटीच होती, पण बाजू भरल्यासारखी वाटत होती.

“बाई, तुम्ही चढा,” अध्यक्ष म्हणाला. “त्या भोकात बोटं घालून दाखवा. कशी बसतात ते आम्ही दुर्बिणीतून बघू.”

“आणि नाही पोचली तर?” सासूनं विचारलं.

“मुद्दाम नाही पोचवली, असंही म्हणता येईल,” वकील प्रामाणिकपणे म्हणाला.

“म्हणजे पोचली तर चोर आणि नाही पोचली तर लबाड. वा! तिकीट काढलं तरी दंड, नाही काढलं तरी दंड.”

डॉक्टरीणबाईनं बुटाच्या नाड्या बांधल्या. आजचा दिवस गेला तर या कड्याला पुन्हा हात लागणार नाही, हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं.

ती वर आली. खालच्या गुळगुळीत भागावर तिचा पाय एकदा सटकला. सासूनं दोर आवळला. मग तिनं झेप घेतली, मला धरलं. तळवे घामेजलेले होते. गुडघा आत गेला, बसला. मी तो धरला.

आता अध्यक्षानं सांगितल्याप्रमाणे तिनं हात वर केला. भोक वीतभर दूर. तिनं टाच उचलली, अंग ताणलं, गुडघा थोडा निसटू दिला. चार बोटं कमी. पुन्हा ताणलं. पुन्हा. ती खरंच पोचायचा प्रयत्न करत होती, कारण खोटं करायचं तिच्या डोक्यातच नव्हतं. गुडघा सुटू लागला. मला जेवढं घट्ट राहता येतं तेवढी मी राहिले.

आणि खाली मास्तरला ते बघवेना. लक्षात घ्या, त्याला तिची दया आली नव्हती. त्याची ती खोड. कुणी चुकीचं चढतंय म्हटल्यावर त्याचं तोंड त्याच्या आधी धावत असे.

“अगं खुळे, सोड ते भोक!” तो ओरडला. “तुझ्या उंचीला ते लागणारच नाही! गुडघा नीट अडकव आणि डावीकडे जा! ते माझ्या हाताच्या मापाचं आहे, तुझ्या नाही!”

अध्यक्षानं दुर्बीण खाली घेतली.

मास्तरचं तोंड उघडंच राहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, यानं मापासकट दाखवलं.

“मास्तर,” सासू दोरावरची नजर न हलवता म्हणाली, “जरा परत सांगा की. मागच्या सीटवर ऐकू नाही आलं.”

वकिलानं टोपी काढली. विद्यार्थी मास्तरकडे बघायचं टाळून आपापल्या बुटांकडे बघू लागले.

वर डॉक्टरीणबाईनं गुडघा पुन्हा आत सारला, दोन्ही हात सोडले, झटकले. मग डावीकडच्या धारेवर गेली आणि तिथून न थांबता साखळीपर्यंत. पहिल्यांदा सलग. खालून सासूचा आवाज आला: “शेवटचा स्टॉप! उतरून घ्या!”

मास्तरनं तरी गप्प बसावं की नाही? “मी बोललो ते शिक्षक म्हणून बोललो,” तो म्हणू लागला. “भोक असो नसो, मला फरक पडत नाही. आत्ता चढून दाखवतो.” दोर बांधला आणि निघाला.

ही संधी मी सोडेन? त्यानंच माझी शीर फोडली होती. पाणी आता माझ्या टोकाकडे जायचं सोडून त्याच्या भोकात साठत होतं. बाहेरून भोक कोरडं दिसत होतं. त्यानं हात लांब केला, दोन बोटं आत घातली, सगळा भार टाकला. आतला चुन्याचा ओला लगदा त्याच्या बोटांना असा भेटला, जसा साबण भेटतो.

तो सुटला. दोरावर झोका घेत, पाय वर डोकं खाली, एक बूट निसटून वकिलाच्या शेजारी येऊन पडलेला. कुणाला लागलं नाही. मला चाललं असतं.

निकाल तिथंच लागला. बंदी उठली. फीत मास्तरच्या बॅगेतून निघाली. वाटेला नाव द्यायचा मान पहिल्या चढणाऱ्याचा. डॉक्टरीणबाईनं नाव दिलं ‘आखडता हात’. आणि माझ्या भोकाचं काय, हा प्रश्न आला.

“सूनबाई भरेल,” सासू म्हणाली. “दिवसभर तेच करते.”

“नाही,” अध्यक्ष म्हणाला. “ज्यानं पाडलं त्यानं भरायचं. आणि ते टिकलं पाहिजे. निघालं तर पुन्हा त्यानंच.”

मास्तरनं लगेच कबूल केलं. एका सकाळचं काम, त्याला वाटलं.

तो येऊन लटकला. डिंकासारखा चिकट मसाला आणि माझ्याच रंगाची दगडाची पूड कालवून त्यानं भोक बुजवलं, वरून बोटानं सारखं केलं. छान झालं होतं. मी पावसाची वाट पाहिली. माझी शीर भरली, आतून दाब आला, आणि मी तो गोळा थुंकला. पुढच्या उन्हाळ्यात तो पुन्हा आला. वेगळा मसाला आणला. तोही थुंकला. मग भारी मसाला, परदेशी डबा. तो जरा जास्त टिकला, पण मला घाई कुठं आहे?

आता दर उन्हाळ्यात त्याला यावं लागतं. सगळ्यांसमोर, दोराला लटकून, हातात डबा घेऊन. खाली त्याचेच जुने विद्यार्थी चढत असतात आणि त्याच्याकडूनच शिकलेली भाषा त्याला ऐकवतात: “मास्तर, कंबर आत! मास्तर, श्वास सोडा! हात पोचतोय ना?” दारावरचा मोठा फोटो काढला, असं त्यांच्या बोलण्यात येतं. त्याचे केस पांढरे व्हायला लागलेत. खांदा दुखतो, वर येताना दोनदा थांबतो. माझ्यासमोर पोचला की माझ्याकडे बघत नाही, भोकाकडेच बघतो.

मला याची किंमत पडली, तीही सांगते. भोकाच्या खाली माझ्यापर्यंत पाणी पोचत नाही. टोक वाळलंय, त्याची भुकटी होते. जे वाढायचं होतं ते आता वाढणार नाही. ते कुठल्याच मसाल्यानं भरून येणार नाही, म्हणून मी मसाला ठेवून घेत नाही.

आता माझी एक विनंती आहे. डॉक्टरीणबाई मंडळात बोलणार आहे म्हणे. परवा माझ्या फुगवट्याखाली गुडघा अडकवून तिनं खाली सांगितलं, “आई, पुरे झालं त्या माणसाचं. म्हातारा झालाय. भोक उघडं राहू दे, त्याला मोकळं करू या.” सासूनं दोर हातात सावरला. मग म्हणाली, “तुझं तू बघ, पोरी. चांगलं असेल तेच करशील.”

तुमच्यापैकी कुणी त्या बैठकीला असेल तर उठून उभे राहा आणि नाही म्हणा. ती मोठ्या मनाची आहे, तिचं नाव तिला परत मिळालंय. तिच्या वाट्याची क्षमा तिनं खुशाल करावी. माझ्या वाट्याची तिच्या हातात नाही. डबा घेऊन त्याला येऊ द्या, जोवर त्याचे हात चालतात तोवर. तो भरेल. मी थुंकेन.